बिनफोटोची पाटी

म्हाताऱ्या टॉलिव्हरच्या अंगणातली पाटी जमिनीशी अगदी काटकोनात उभी होती आणि तिच्याभोवतीचं गवत कात्रीने कापलेलं होतं. जॉर्जियातल्या त्या गावात इतक्या निगुतीने लावलेली प्रचाराची पाटी दुसरी नव्हती. तिच्यावर नुसतं नाव होतं: लॉरेन प्रेस्कॉट, शाळा मंडळ.

आभार मानावेत म्हणून लॉरेनने बेल वाजवली. जाळीच्या दाराआडून टॉलिव्हरने तिचा काळा चेहरा पाहिला आणि कडी लावून घेतली.

"काय विकायला आलीस? चल, पुढे हो."

"विकत नाही काही. या पाटीबद्दल..."

"पाटीला हात लावलास तर पोलीस बोलावीन! मंडळात सगळी तुमचीच भरती. एक तरी आमच्यातली शहाणी बाई उभी राहिलीय. जा, सांग तिला, माझं मत तिलाच."

"सांगते," लॉरेन म्हणाली.

गाडीत तिचा भाचा ड्वाइट शेवटच्या पत्रकाचे दोन नमुने मांडीवर घेऊन बसला होता. एक फोटोचा, एक बिनफोटोचा. महिनाभर ती 'उद्या सांगते' म्हणत होती.

"आत्या, बिनफोटोचंच छापू या. इथे नावावरून सगळे तुला गोरी समजतायत. चेहरा दिसला की हरलो आपण."

लॉरेनने मागे पाहिलं. टॉलिव्हर अंगणात येऊन, तिच्यावर डोळे रोखून, तिच्याच पाटीची राखण करत उभा होता.

 

"फोटोचं छाप," ती म्हणाली. "आणि पहिलं पत्रक याच्या हातात मीच देणार."