चौथं कार्ड

टॅरोवाल्या ताईंनी बुद्धाच्या शिकवणीवरून चार कार्डांची नवी मांडणी बसवली: दुःख, त्याचं कारण, त्याचा अंत, आणि आता कशाचा मोह सोडायचा ते सांगणारं चौथं कार्ड.

शिवणकाम करून एकट्या राहणाऱ्या मावशी दर आठवड्याला येत आणि कार्ड सांगेल ते अगदी मनावर घेत. शिलाई मशीन भाचीला गेलं, मांजर शेजारणीकडे, लग्नाचे फोटो नणंदेकडे. ताईंना आपल्या मांडणीचं भारी कौतुक वाटलं.

“मावशी, चेहरा किती शांत झालाय हो तुमचा!”

“आता जिवाला कसलाच घोर नाही गं,” मावशी हसल्या.

त्या पुढे म्हणाल्या, “झोपताना दाराला कडीसुद्धा लावत नाही. उगाच मागाहून कुणाला दार फोडत बसायला नको.”