पृथ्वीभोवती वच्छला

वच्छला सोमवारपासून पृथ्वीभोवती फिरत होती, आणि तिच्या लेकीच्या गाडीला आता तासच उरला होता.

म्हणजे खुद्द वच्छला सिंदेवाहीत, आपल्या घरात, बाजेवर बसून चिवड्याच्या पिशवीचं तोंड बांधत होती. भाताची रोवणी अर्धी टाकून आली होती, नखांत चिखल तसाच. फिरत होतं ते लेकीच्या, दिव्यानीच्या लॅपटॉपातल्या खेळातलं यान. त्यात एक माणूस बसवावं लागतं आणि त्याला नाव द्यावं लागतं. दिव्यानीने आईचं दिलं. दुसरं कोण होतं तिला एवढं हक्काचं!

पोरगी केरळात निघाली होती, यानं-रॉकेटांचंच शिकायला. इतक्या लांब या घरातलं आजवर कोणी गेलं नव्हतं. आणि ऐन निघायच्या वेळी बयेने हट्ट धरला, की आईला खाली उतरवल्याशिवाय मी उंबरठ्याबाहेर पाय टाकत नाही.

"अवं, मी तं इथी बसून आहो," वच्छला म्हणाली.

"पण वरती अडकली ते बी तूच होय ना. तुले तशीच सोडून जाऊ कशी?"

पहिल्यापासून सुरू करायचं बटण होतं. ते दाबलं की यान पुसलं जाई, आणि यानातली आईही. त्या बटणाला बोट लावायला पोरगी तयार नव्हती.

खरं तर अडकण्यात चूक वच्छलेचीच. सोमवारी पोरीने हौसेने विचारलं, वरून पहिले काय पाहशील? बाई पटकन म्हणाली, माहेर. माहेर वरोऱ्याचं, म्हणजे पश्चिमेला. आईचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? दिव्यानीने यान पश्चिमेला सोडलं. आता ही पृथ्वी खेळातली खरी, पण मापाने, वजनाने, चालीने अस्सलच्या तोडीस तोड. ती पूर्वेकडे फिरते, आणि पूर्वेला निघालेल्याला आपला वेग फुकटात देऊन टाकते. उलट्या तोंडाने निघालेल्याची मात्र ती गय करत नाही. वच्छलेला माहेर दिसलं, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मागे गेलंसुद्धा. आणि यान वर टिकलं तेव्हा टाकीत घोटभर इंधन उरलेलं, उतरायला न पुरणारं.

"पूर्वेले सोडलं असतं," दिव्यानी चिडून म्हणाली, "तं दीड घंट्यात गोल फिरून वरोरा आलाच असता, आई."

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं?"

पोरीने लॅपटॉप आईकडे वळवला. "हे पाह्य. तू आता इथी आहे."

वच्छलेने पाहिलं आणि हातातली चिवड्याची पिशवी हातातच राहिली. अर्धी पृथ्वी काळोखात, अर्धी उजेडात. निळ्या पाण्यावरून पांढरे ढग सरकत होते. कुठे भिंत नाही, कुठे कुंपण नाही. आणि अगदी कडेला एक निळसर रेघ.

"हे काय होय?"

"हवा. सगळी तेवढीच."

"तेवढीच?"

शेंगदाण्यावर तांबडी साल असते, तेवढीच! एवढी थोरली धरती, तिच्यावरच्या नद्या, जंगलं, वाघ, माणसं, आणि सगळ्यांचा श्वास त्या सालीत. वच्छलेने पुढचा श्वास जरा जपूनच घेतला.

"अन् मले वरती धरलं कोणी?"

"कोणीच नाई. तू सारखी खाली पडूनच राह्यली. पण पडता पडता खालची जमीन गोल वळत जाते, म्हणून तू टेकतच नाई."

"माय वो! मी सोमवारपासून पडून राह्यली, अन् तू दोन टाइम जेवून राह्यली?"

दिव्यानीला हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदा हसली. वच्छलेच्या मनात मात्र आलं, हे हसणं उद्यापासून घरात नाही.

"आज सकाळी मले रस्ता सापडला," दिव्यानी म्हणाली. "इंजिन नाई उतरवू शकत तुले, पण पृथ्वी उतरवन. उरलेल्या इंधनात वेग थोडासा तोडायचा. मंग यान हवेले घासत जाईन. दर फेरीले थोडं हळू, थोडं खाली. शेवटी पृथ्वीच आपोआप तुले ओढून घेईन."

वच्छला त्या निळ्या गोळ्याकडे बघतच राहिली. काय बाई ही धरती! उलट गेलेल्यालाही टाकून देत नाही.

बाहेरून नवऱ्याची, गुणवंतरावांची हाक आली. "चाला वो लवकर! बल्लारशाची गाडी का तुमच्यासाठी थांबन?"

दिव्यानीने इंजिनाच्या कळीवर बोट ठेवलं. "उतरवू, आई?"

"थांब. केरळ कुठी आहे याच्यात?"

दिव्यानीने दाखवलं. पार खाली, समुद्राच्या काठाला.

"तिथून जातो काय मी?"

"जाते ना. दर खेपेले नाई, पण दिवसातून येशील एखाद-दुसऱ्या बारी."

"अन् आपल्या घरावरून?"

"घरावरून बी."

वच्छलेने पोरीचं बोट हळूच कळीवरून उचललं आणि आपल्या चिखलाच्या मुठीत धरलं.

"मंग राहू दे वरतीच. खाली उतरली का मले एकच घर दिसन," ती म्हणाली. "जाय तू, गाडी सुटन. मी वरून येऊनच राह्यली."