आठवा तडा

कमान नवीकोरी, पण ती तीनशे वर्षांची पडीक दिसावी ही रिसॉर्टच्या मालकांची हौस. म्हणून बांधून झाल्यावर मीच छिन्नीने तिला सात तडे पाडले. काल मोजले तर आठ भरले. आठवा माझा नव्हता.

त्याच्यावर मी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली. तडा वाढत असेल तर काच फुटते, हे कुठलाही गवंडी सांगेल.

आज सकाळी बघतो तर कमानीखाली नवरा-नवरी फोटोसाठी उभे, आणि काचेचे दोन तुकडे झालेले.

“साहेब, त्यांना बाजूला घ्या! काच फुटलीय!”

मालक हसले. “अहो मिस्त्री, तडे आहेत म्हणून तर लोक इथे फोटो काढतात.”

“काका, फ्रेममधून हटा,” फोटोग्राफर वैतागला.

ऐकतंय कोण माझं! मी घण उचलला आणि ओरडत कमानीकडे धावलो. नवरी किंचाळून पळाली, मागोमाग नवरा. मी जागीच थबकलो. कमान कलली आणि धाडकन खाली आली.

धुरळ्यातून येऊन मालकांनी माझी गचांडी धरली. “पाडलीस ना शेवटी?”

घण अजून माझ्या खांद्यावरच होता.