पुस्तकाआडचे ओठ

मिरजेच्या एका बाईंच्या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. ‘तुम्ही यूट्यूबवर गोष्टी वाचता. मला ऐकू येत नाही. ओठ वाचावेत, तर तुम्ही पुस्तक तोंडासमोर धरता. निदान खाली अक्षरं द्याल?’

यूट्यूबवर आपोआप उमटणाऱ्या अक्षरांत नायिका विहिरीऐवजी बिर्याणीकडे धावत होती. शेवटी तोवर वाचलेल्या चाळीसही गोष्टी मीच टाइप केल्या. डोळे शिणले, बोटं आखडली.

“झाली ना अक्षरं? आता तोंडही दाखवा, बाबा,” सून म्हणाली.

“लाज वाटते गं.”

“पत्र लिहिताना त्यांना वाटली नसेल?”

एकेचाळिसावी गोष्ट मी पुस्तक मांडीवर ठेवून वाचली. मग उत्तर लिहिलं: ‘अक्षरं दिली आहेत. आता ओठही दिसतील. थरथरतात, तेवढं सांभाळून घ्या.’ पत्र लगेच टपालपेटीत टाकलं.