गोफणीला कितीचा फासा?

"चार," काका म्हणाले. "गोफणीला चार बाजूंचा फासा. पुस्तकात छापलंय."

"आणि बाणाला?" ठकूने विचारलं.

"बाणाला आठ."

"म्हणजे गोफणीचा दगड डोक्यात बसला की माणूस नुसतं टेंगूळ चोळत घरी जातो?"

"ते पुस्तकाला विचार."

रविवारी काकांचं चष्म्यांचं दुकान बंद असायचं आणि आतल्या लांब टेबलावर खेळ रंगायचा. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि काका सांगतील त्या संकटातून वाट काढायची. राक्षस, वादळ, शत्रू, सगळं काकांच्या हातात. फासा जितका मोठा, तितकी जखम खोल, मग वार आपला असो की शत्रूचा. आणि एक नियम सगळ्यांच्या वर: या खेळात मेलेला परत येत नाही.

ठकूकडे मेंढपाळ होता, हत्यार म्हणून हातात फक्त गोफण. खरा तो तिच्या बाबांचा. वर्षानुवर्षं तेच त्याला खेळवत होते. मग त्यांना विसर पडत गेला. आधी किल्ल्यांचा, मग रस्त्यांचा, मग माणसांचा. आता ते टेबलाशेजारी आरामखुर्चीत बसत आणि पोटच्या पोरीला "बाई" म्हणत, तेही अदबीने. पण दर रविवारी न चुकता विचारत, "माझा मेंढपाळ कुठवर पोचला?" एवढा एकच धागा उरला होता. तो तुटू द्यायचा नाही, असं ठकूने मनाशी पक्कं केलं होतं.

येत्या रविवारी मेंढपाळ खिंड ओलांडणार होता. पलीकडे फौज होती. कसली, ते फक्त काकांना ठाऊक. डोळ्याला भिंग लावून ते कित्येक महिने तिचे चिमुकले शिपाई रंगवत होते आणि कुणी डोकावलं की खोक्याला झाकण लावत होते.

"मेला तर मेला," कंपाउंडर म्हणाला. तो या खेळातला तिसरा गडी. "बाबांना सांगायचं, जिवंत आहे. कोण तपासतंय?"

"ते तोंड बघून खोटं ओळखतात. माझं नाव विसरले, पण हे नाही विसरले."

इंग्रजी पुस्तकात गोफणीला लिहिलेलं 'स्लिंग' वाचून कंपाउंडरने पहिलं वर्षभर मेंढपाळाचा हात मोडलाय आणि गळ्यात बांधलाय असंच धरून चाललं होतं. दवाखान्यात स्लिंग म्हणजे तेच. तेव्हा या वादात त्याच्या मताला फारशी किंमत नव्हती.

"काका, नियम बदला."

"नको."

"पण का?"

"आज तुझी गोफण, उद्या हा म्हणेल माझ्या कुऱ्हाडीचं काय. आहे ते बरं आहे, ठकू."

"निदान खरं काय ते तरी बघू."

"खऱ्याच्या फार मागे लागू नये."

काका हट्टाला पेटले की दगडाला पाझर फुटेल, पण त्यांना नाही. ठकूही त्याच घराण्यातली.

"आणि करून दाखवलं तर?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या भावाकडे. "लोखंडी घमेलं फोडून दाखव. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला. फुटलं तर बदलतो." विषय मिटला असं त्यांना वाटलं.

शनिवारी सकाळी सगळे बंद पडलेल्या वीटभट्टीमागच्या मैदानात जमले. ठकूने दोरी वळून, मधे चामड्याचा तुकडा शिवून गोफण केली होती. तिचा पहिला दगड मागे गेला आणि कंपाउंडर जमिनीवर आडवा झाला. दुसरा सरळ आभाळात गेला, तेव्हा सगळेच डोकं धरून तो कुठे पडतोय याची वाट बघत उभे राहिले. तिसरा कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही.

काकांचा चेहरा खुलला. "चला, चहा घेऊ."

तेवढ्यात बाबा घडीच्या खुर्चीतून उठले.

"असं नाही, बाई," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातातून गोफण घेतली.

दोरीचा फास बोटात अडकवला. खाली वाकून दगड चाचपले, दोन-तीन टाकून दिले, एक निवडला. अंग तिरकं केलं. गरागरा फिरवणं वगैरे काही नाही. हात एकदाच डोक्यावरून गेला.

दगड कुणाला दिसलाच नाही. हवा कापत गेल्याचा आवाज तेवढा आला आणि पाठोपाठ मैदानाच्या त्या टोकाला लोखंड किंचाळलं.

रोज सकाळी ज्यांच्या शर्टाची बटणं ठकू लावून द्यायची, ते समोर ताठ उभे होते आणि हे कोण, तेच तिला ओळखू येईना. ती थक्क होऊन बघत राहिली.

काका घमेल्यापाशी गेले. तळ आत गेला होता आणि मधोमध फाटला होता. त्यांनी त्या खड्ड्यात मूठ घालून पाहिली. परत आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"लहानपणी दादा पाखरं हाकायचा शेतावर," ते म्हणाले. "विसरलोच होतो मी."

"मग? आठ ना?"

"दहा," काका म्हणाले. "डोळ्यांनी बघितल्यावर आठ कसे देऊ?"

रविवारी त्यांनी पुस्तकातल्या चारावर काट मारली, शेजारी दहा लिहिलं आणि पेन्सिल तशीच हातात धरून ठेवली.

"अजूनही वेळ आहे, ठकू. जुनंच ठेवू?"

"घाबरलात, काका?"

काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

"माझा मेंढपाळ कुठवर पोचला?" खुर्चीतून प्रश्न आला.

"खिंडीत, बाबा. आज पलीकडे जातोय."

बाबा हसले. काकांनी फळीवरचं खोकं काढलं, झाकण उघडलं आणि बोटाएवढे शिपाई खिंडीपलीकडे एकेक करून मांडायला घेतले. एक रांग झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. तलवार कुणाकडेच नव्हती. प्रत्येकाचा हात डोक्यावर उचललेला होता आणि प्रत्येक मुठीतून बारीक दोऱ्याची एक गोफण लोंबत होती.