आवाज स्वच्छ येतोय

डोंगरावरचा रिपीटर हॅम रेडिओवाल्यांचे आवाज पकडून लांबवर पोचवायचा. वाऱ्याने त्याचा अँटेना वाकला की टिपणीस टॉवरवर चढून तो सरळ करायचे. पनवेलहून कोणीतरी "आवाज स्वच्छ येतोय" असं रेडिओवर कळवलं की मगच खाली यायचं, हा त्यांचा नियम. इतकी वर्षं घरून आशालता कळवायची आणि पुढे म्हणायची, "आता उतरा, भात निवतोय."

उन्हाळ्यात आशालता गेली. पावसाळ्यात अँटेना पुन्हा वाकला, आणि उघडीप मिळताच टिपणीस चढले. या वेळी पनवेलहून रुचिरा बोलली. सोबत आलेल्या सत्यजीतची ती बायको.

"आवाज एकदम स्वच्छ येतोय, काका."

टिपणीस वॉकीटॉकी कानाशी धरून थांबले.

"अजून काही, रुचिरा?"

"नाही काका, एवढंच."

खालून सत्यजीतने हाक मारली, "काका, झालं ना काम? मग बसलात काय? उतरा की!"

"उतरतो रे," टिपणीस म्हणाले. "घाई कशाला? भात थोडाच निवतोय."