विहिरीचा सीन

थिएटरबाहेर माइक घेऊन उभ्या असलेल्या मुलीने म्हातारीला थांबवलं. "आजी, सिनेमा कसा वाटला?"

"शेवटी त्या माणसाला टाकलं, ती विहीर कुठली गं? सिनेमावाल्यांशी ओळख असेल तुझी. विचारशील?"

मुलगी हसली. "आजी, चाळीस वर्षांपूर्वीच्या टोळ्यांची गोष्ट ती. सगळं खरं थोडंच असतं?"

"नाव खरं घेतलंय. गालावरचा वणसुद्धा खरा. माझा नवरा तो." म्हातारीने कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं. "पोलीस म्हणाले, पळून गेला. म्हणून हे अजून लावते. हाडं जरी सापडली तरी एकदाचं पुसेन."

मुलीचा माइक खाली आला. तेवढ्यात मागून आलेल्या एका पोराने तो ओढून घेतला. "विहिरीचा सीन एक नंबर! काय कापलाय त्याला राव! पाच स्टार!" त्याच्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या.

म्हातारीने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"बाळा, मला तिथे डोळे उघडे ठेवता आले नाहीत. तू नीट पाहिलंस ना? विहिरीला पायऱ्या होत्या का? असतील तर ती आमच्या देवळामागची. ती अजून बुजवलेली नाही."